विषय सोडून

त्या वर्षी मी फार शहाणी झाले होते. इतकी, की आज ती पोरगी समोर आली तर मी तिला आधी एक चापट मारीन आणि मग जेवायला वाढीन. लाल रिबिनीच्या दोन घट्ट वेण्या, नाक थोडं वर, वर्गात दुसरा नंबर, आणि पहिला नंबर ज्या मुलीचा आला तिला इंग्रजीत माझ्यापेक्षा चार मार्क कमी होते हे ज्याला त्याला सांगायची खोड. ऐकायला मात्र कोणी नव्हतं. खरं म्हणजे सगळं तिथूनच सुरू झालं.

आमचं गाव डोंगराच्या अलीकडचं, भातशेतीचं. शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर बोर्ली पंचतनला मावशीकडे राहायचं असं ठरलं आणि एका सकाळी वडिलांनी मला, एका पत्र्याच्या ट्रंकेला आणि वालाच्या पिशवीला एसटीत बसवून दिलं. आमच्या घरी आम्ही नऊ माणसं होतो आणि नऊही एकाच वेळी बोलत असू. कोण कुणाचं ऐकतं हा प्रश्नच कधी आला नाही, बोलणं हे जात्याच्या घरघरीसारखं चालूच असे. मावशीच्या घरी मी गेले तेव्हा तिथे एक मावशी होती, एक शिवणयंत्र होतं आणि एक मांजर होतं, त्यातलं मांजर जरा बोलकं होतं. काका मुंबईला कंपनीत, ते गणपतीला आणि शिमग्याला येत. मावशी दिवसभर ब्लाउज शिवी आणि तिच्या तोंडात कायम टाचण्या असत. ओठांत पाच-सहा टाचण्या धरलेलं माणूस काय बोलणार? ती मानेने बोले. मान खाली म्हणजे जेव, मान बाजूला म्हणजे दिवा मालव, भुवया वर म्हणजे इतका उशीर का. संध्याकाळी टाचण्या निघत, पण तोवर तिची बोलायची सवयच गेलेली असे. "कुसुम, भाकर घे." "कुसुम, ताक हाय." एवढंच. वाईट नव्हती हो ती. माझ्या भाकरीवर तूप घालताना हात कधी आखडला नाही तिचा. पण मला तुपाशी बोलता येईना.

मग मी ऐकायला शिकले. घराच्या मागे सामायिक विहीर होती, तिचा रहाट पहाटे कुरकुरायला लागला की समजायचं शेजारच्या जुबेदाभाभी पाण्याला आल्या. मशिदीची बांग, मग बाजारातल्या पाववाल्याची घंटी, मग म्हसळ्याच्या एसटीचा हॉर्न, मग मावशीचं मशीन. वारा फिरला तर दिवेआगरच्या बाजूने समुद्राची गाज यायची, आणि ती आली की मला उगाच रडू येई. समुद्राशी माझा काही संबंध नव्हता, मी भाताच्या खाचरातली पोर. पण रडायला काही तरी निमित्त लागतं आणि समुद्र तिथे मोकळाच होता.

तर ज्या शब्दाने सगळा घात केला त्याकडे येते. इंग्रजीच्या बाईंनी निबंध दिला होता, आमच्या गावचा बाजार. मी चार पानं लिहिली. बाजारापासून सुरुवात केली, मग सुकट विकायला बसणाऱ्या म्हातारीवर आले, मग आमच्या आईला सुकटीची चटणी किती आवडते ते लिहिलं, मग आई चटणी वाटताना पाट्यावर कशी वाकते ते, मग आमचं खळं, खळ्यातला पेंढा, पेंढ्यात लपलेली माझी धाकटी बहीण, आणि तिला शोधता शोधता निबंध संपला. वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत दोनच शब्द होते, यू डायग्रेस. मी तो शब्द आयुष्यात पाहिला नव्हता. लाल शाईत एवढ्या वळणदार अक्षरात लिहिलंय म्हणजे कौतुकच असणार असं समजून मी ती वही एक अख्खा दिवस छातीशी धरून बाजारातून मिरवली. जुबेदाभाभींना तर सांगितलंसुद्धा, "भाभी, बाईंनी मला डायग्रेस दिलंय." त्यांनी ओल्या हाताने माझ्या गालाला बोटं लावून आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली आणि खजूर खायला दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गासमोर अर्थ सांगितला. "डायग्रेस म्हणजे मुख्य विषय सोडून भलतीकडे जाणं. विषयांतर. कुसुम, मी तुला बाजारात पाठवलं आणि तू घरी जाऊन बसलीस." वर्ग हसला. बाई वाईट बोलल्या नव्हत्या, आज कळतं की बऱ्यापैकी चांगलं बोलल्या होत्या. पण माझे कान पेटले. मी घरी येऊन तो निबंध पुन्हा लिहिला. म्हातारी काढली, चटणी काढली, आई काढली, बहीण काढली. बाजार उरला. सव्वा पान. बाईंनी 'गुड' दिलं. त्या दिवसापासून मी जगाकडे लाल पेन्सिल घेऊन बघायला लागले. मावशीकडे ब्लाउज शिवायला आलेल्या बाया मापं देता देता नणंदेचं सांगायला लागल्या की मी मनात म्हणायची, डायग्रेशन. गुरुजी प्रार्थनेनंतर पावसापाण्याचं बोलले, डायग्रेशन. मांजर उंदराचा पाठलाग सोडून पाली बघत बसलं, तेही डायग्रेशन. माझी नात आता खारघरला राहते. मी तिला मोबाईलवर बोलून निरोप पाठवते तर ती तो दीडपट वेगाने ऐकते आणि म्हणते, "आजी, पॉइंट काय आहे?" मी तिला रागावत नाही. तिच्याहून मोठी शहाणी मी पाहिलेली आहे, तीही आरशात.

जुबेदाभाभींचं घर आमच्या कुंपणापलीकडे, मध्ये फक्त कुडाची फाटकी वई. घरात त्या, त्यांची सासू जिला सगळी आळी दादी म्हणे, आणि चार वर्षांची रेहाना. भाभींचे नवरे मस्कतला. त्या काळी आमच्या त्या पट्ट्यात घरटी एक माणूस आखातात होता. पत्रं कोणी फारशी लिहीत नसे. लिहिणाऱ्यांपेक्षा बोलणारे जास्त, त्यामुळे कॅसेटी चालायच्या. तिकडचा माणूस कॅसेटीत बोलून ती कोणा रजेवर येणाऱ्याच्या हाती पाठवी, इकडची माणसं त्याच कॅसेटीवर आपलं बोलणं भरून कोणा परत जाणाऱ्याच्या हाती देत. एका बाजूला अर्धा तास, दुसऱ्या बाजूला अर्धा तास. भाभींकडे नवऱ्याने पाठवलेला टेपरेकॉर्डर होता, त्याला भरतकामाचं झाकण होतं, आणि तो चालवायचा दीर आता स्वतःच दुबईला गेला होता. भाभींना बटणांची भीती वाटे. म्हणून मग मी. "कुसुम गो, ये जरा. ह्या डब्ब्याला बोलता कर." लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबायचं, एवढीच विद्या, पण मी ती अशी दाबायची की जणू आगबोट चालू करते आहे.

त्या घरी जायला मला कारण हवंच असे. तिथे बोलणं होतं. दादी खाटेवरून बोले, रेहाना खाटेखालून बोले, भाभी चुलीपुढून बोलत आणि मध्ये नारळाचं दूध उकळी येताना बोले. मला त्या घरात कोणी पाहुणी मानत नसे, आणि मावशी मी तिथे जाते हे पाहत असूनही पाहत नसे. तोंडात टाचण्या असण्याचा हा एक फायदा.

भाद्रपदात केव्हा तरी भाभींच्या नवऱ्याची कॅसेट आली. मीच लावून दिली. सलाम झाला, दादीच्या खोकल्याची चौकशी झाली, रेहानाने काय खाल्लं ते विचारून झालं, आणि मग तो जाड, थकलेला आवाज थोडा थांबला. "जुबेदा, शेठ विचारतो हाय. दोन वरसांचा नवा कागद करायचा तर सही कर म्हणतो, न्हाय तर हिशोब करून घरी जा. तू सांगशील तसा करतो. महिन्यात सांग." भाभी तेव्हा भाकरी थापत होत्या. भाकरी हातातच राहिली. दादी खाटेवरून म्हणाली, "सही करायची ना मग. नसीमाचं लगीन व्हायचं हाय अजून." नसीमा म्हणजे भाभींची नणंद, आजोळी असे. भाभी म्हणाल्या, "व्हय दादी," आणि भाकरी तव्यावर टाकली. तीन वर्षं झाली होती त्यांच्या नवऱ्याला जाऊन. मधे एकदा महिन्याभराची रजा, तेवढीच.

शुक्रवारी मस्कतला निघणारा एक जण होता. बुधवारी दुपारी शाळा अर्धी सुटली आणि भाभींनी हाक मारली. दादीचं आणि रेहानाचं बोलणं दुसऱ्या बाजूला आधीच भरून झालं होतं. दादी खाटेवर पडून ऐकत होती. मी बटणं दाबली. भाभींनी पदर नीट केला, जणू तो डबा बघणार होता, आणि बोलायला लागल्या.

पहिल्यांदा सलाम. मग म्हणाल्या, "आमी सगळे खुशीत हाव. तुमी सही करा. आमची काळजी करू नका." झालं, मला वाटलं, विषय संपला. फारच मुद्देसूद. पण भाभी थांबल्या नाहीत. रहाट कुरकुरतो म्हणाल्या. "तुमी तेल घालतो बोलून गेलात, तवापासून कोणाला घालू दिला न्हाय." मग तुमचा निळा सदरा दाराआड तसाच लावलाय म्हणाल्या. पावसात बुरशी धरली म्हणून धुतला, वाळवला, पुन्हा तिथेच लावला. बांगडा स्वस्त झालाय. रेहाना तळलेल्या बांगड्याचं डोकं बाजूला काढून ठेवते, अब्बाला म्हणते, मग मांजर नेतं, मग ती रडते. विहिरीपाशी तुम्ही लावलेल्या माडाला पहिली पोय आली, म्हणजे पहिला फुलोरा धरला. हे सांगताना त्या जरा थांबल्या आणि आवाज खाली आणून पुन्हा म्हणाल्या, "माडाला पोय आली हो." मी हाताने खूण केली, "भाभी, विषयावर या." त्या म्हणाल्या, "कुठला विषय गो? मी त्यांच्याशीच तर बोलते हाय." आणि पुढे चालू. पट्टी खट्कन संपेपर्यंत.

मग भाभी ओढ्यावर न्यायचं धुणं बादलीत भरायला अंगणात गेल्या. दादीचा डोळा लागला होता. मी कॅसेट उलटी फिरवून थोडी ऐकली आणि मनातल्या मनात लाल पेन्सिल काढली. माणूस परदेशात, शेठ कागद घेऊन उभा, महिन्याची मुदत, आणि ह्या बाई रहाट, सदरा, बांगडा, माड! मुख्य विषय मोजून तीन वाक्यं. बिचाऱ्याने उत्तर शोधायचं तरी कुठे? मी दारात धावले. "भाभी, सुरुवातीचं नीट उतरलं नाही. तेवढं पुन्हा सांगा." हे मी खोटं बोलले. त्यानंतर मी आयुष्यात बरीच खोटी बोलले आहे, त्यातली काही चांगली होती, पण इतकं वाईट खोटं पुन्हा जमलं नाही. भाभींनी बादली खाली ठेवली, उंबऱ्यावर उकिडवं बसून पुन्हा सलाम सांगितला, सही करा म्हणाल्या, काळजी करू नका म्हणाल्या, आणि विचारलं, "पुढचा हाय ना नीट?" मी म्हटलं, "हो हो." त्या गेल्या.

आता अडचण अशी, की माझ्या त्या नेटक्या उत्तराच्या पुढे पट्टीवर रहाट कुरकुरत होता. तो पुसायचा म्हणजे त्याच्यावर दुसरं काही तरी बोलायला हवं. मी मग डबा मागच्या पडवीत नेला आणि माझा सुधारलेला निबंध खणखणीत आवाजात इंग्रजीत वाचला. सव्वा पान, दोन मिनिटांत संपला. पट्टी अजून फिरतेच आहे. मग प्रतिज्ञा म्हटली. मग महाराष्ट्रातल्या नद्या आणि त्यांची उगमस्थानं. मग पाढे. माडाची पोय माझ्या अंदाजाने कुठे तरी तेवीसच्या पाढ्याखाली गाडली गेली असावी. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद म्हटलं आणि पट्टी संपली. मी घाम पुसला. खरं सांगते, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. कोणी तरी अर्धा तास माझं ऐकणार होतं, आणि विषयाला धरून असलेलं ऐकणार होतं.

उत्तर आलं ते दिवाळी उलटून गेल्यावर. कोणी रजेवर आलेल्या माणसाने साबणाच्या वड्या, अत्तराची कुपी आणि कॅसेट आणून दिली. मी ऐटीत झाकण काढलं, कॅसेट घातली. माझी स्तुती ऐकायची होती ना. भाभी रेहानाची वेणी घालत बसल्या.

"जुबेदा, तुझी कॅसेट मिळाली. तू बोललीस तशी सही केली." मग थोडा वेळ नुसती खरखर. "ह्या वेळी तू लवकर संपवलंस. मी तुझी कॅसेट दोन-दोन महिने पुरवतो. आमी एका खोलीत आठ जणं, सगळ्यांसमोर एकदा लावायची, ती चालच हाय. मग ते कामावर गेले की मी एकटा लावतो, रोज थोडी. ह्या वेळी सलाम झाला, सहीचं झालं, आणि कोण पोरगी पाढे म्हणायला लागली. खोलीत सगळे हसले. मी पण हसलो. मग मी दोन-तीन वेळा पुरी फिरवून बघितली. बोललो, शेवटाला काय तरी असेल." पुन्हा खरखर. "माडाचं काय बोलली न्हाईस. पोय आली नसेल अजून. बरं. मग दोन वरसांनी बघू."

भाभींच्या हातातली वेणी अर्धीच राहिली. रेहाना म्हणाली, "अम्मी, ओढतेस किती." दादी खाटेवरून म्हणाली, "सही केली ना? अल्हमदुलिल्ला." भाभींनी मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं मीठ घातलं काय विचारतात तसं, "मी माडाचं बोलले होते ना गो?"

"हो."

"मग?"

मी काय सांगितलं असेल? मी पळून जाऊ शकले असते, रडू शकले असते, मशीन खराब आहे म्हणू शकले असते. मी त्यांना शब्द सांगितला. "भाभी, ते डायग्रेशन होतं." आणि त्यांना समजलं नसेल म्हणून वर अर्थही सांगितला, मुख्य विषय सोडून भलतीकडे जाणं. भाभींनी माझ्याकडे बघितलं. मग दादीकडे एकदा बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे, आणि तेवढ्यात मला, वर्गात दुसऱ्या नंबरच्या मुलीला, कळलं. सासू खाटेवर कान देऊन पडलेली, तिकडे सात परके बाप्ये ऐकायला बसलेले. अशात कोणती बाई नवऱ्याला परत या म्हणेल? सही करा हे त्या सगळ्यांसाठी होतं. त्याच्यासाठी पुढचं होतं. त्यालाही ते ठाऊक होतं आणि तो दोन महिने रोज थोडं थोडं तेच ऐकायचा.

भाभींनी वेणी पूर्ण केली, रिबीन बांधली. "जा आता तू," म्हणाल्या. "मावशी वाट बघत असेल." मावशी माझी वाट कधीच बघत नसे, हे त्यांना आणि मला दोघींनाही माहीत होतं.

त्यानंतर मला हाक आली नाही. त्या भांडल्या नाहीत, मावशीकडे तक्रार केली नाही, विहिरीवर भेटल्या तर "काय गो, शाळा?" म्हणत आणि घागर उचलत. मी हो म्हणे. मग रहाट कुरकुरे आणि मला तो पूर्वीसारखा ऐकवत नसे. पौष गेला, माघ गेला. वालाच्या शेंगा आल्या, मावशीने बिरडं केलं, मी खाल्लं, ताट घासलं. एकदा दुपारी वईपलीकडून भाभींचा आवाज आला, एकसारखा, न थांबणारा, मधे कोणाचा प्रश्न नाही की हुंकार नाही. त्या बटण दाबायला शिकल्या होत्या. मी वईला कान लावून उभी राहिले. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. तिथे उभी राहून मी पहिल्यांदा मोजलं, की माझ्याशी त्या दिवशी सकाळपासून कोणी एक शब्दही बोललं नव्हतं. शाळेला सुटी होती. मावशीची मान तेवढी दोनदा हलली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी टाचण्या काढल्यावर मावशी म्हणाली, "जाऊन ये तिकडे."

मी म्हटलं, "त्यांनी बोलावलं नाही."

"न बोलावता जायचं असतं कधी कधी," मावशी म्हणाली. तिच्याकडून आलेलं ते तोवरचं सगळ्यात लांब वाक्य. मी ऐकलं नाही. ऐट अजून शिल्लक होती, माफी मागायचं इंग्रजी मला येत होतं, मराठी येत नव्हतं.

शेवटी हाक आली ती चैत्रात. एका दुपारी वईवरून रेहानाचं डोकं वर आलं, "अम्मीने बोलावलंय." गेले. टेपरेकॉर्डर चटईवर मधोमध होता. भाभी म्हणाल्या, "बस. हात मांडीखाली घे." मी हातांवर बसले. दादी त्या दिवशी थोरल्या लेकीकडे गेली होती. भाभींनी स्वतः दोन्ही बटणं दाबली आणि बोलत राहिल्या. काय बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही. ते माझ्यासाठी नव्हतं, आणि आता माझ्या हातून त्यांचं काही गाळलं गेलं तर गेलं, पण नको ते घातलं जाऊ नये. माझे पाय बधिर झाले, हातांना मुंग्या आल्या. पट्टी थोडी उरली तेव्हा त्यांनी डबा उचलून माझ्यापुढे ठेवला. "आता तू बोल. पाढे नकोत."

मी सुरुवात अगदी मुद्द्याला धरून केली. "भाईसाहेब, मी कुसुम. माझ्यामुळे तुमची कॅसेट पुसली. माडाला पोय आली होती. मला माफ करा." इथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले की मी इथली नाही, आमचं गाव डोंगरापलीकडे आहे. दिवाळीत मी न कळवता घरी गेले. सगळे खूश झाले, बहीण गळ्यात पडली, मग जेवायला बसलो आणि भात कमी पडला. आई हसली, म्हणाली, अगो, तुझ्या वाटची मूठ घालायची आता सवय गेली. तिने पुन्हा तांदूळ धुतले. भात होईस्तोवर सगळे माझ्याभोवती बसून हसत होते. मी पण हसले. भाईसाहेब, मी घर सोडून पाचच महिने झाले होते. एवढ्यात हाताला सवय कशी होते? एवढं बोलले आणि मला इतकं रडू आलं की पुढचं सगळं नुसतं नाक ओढणं भरलं गेलं असणार. भाभी बाजूलाच बसल्या होत्या. त्यांचा हात बटणापासून वीतभरावर होता. त्यांनी तो हलवला नाही. पट्टी आपोआप खट्कन संपली तेव्हाच उठल्या.

पाऊस लागायच्या आधी उत्तर आलं. दादी परत आलेली होती, खाटेवर. सलाम झाला, सगळ्यांचं झालं. शेवटी तो म्हणाला, "ती पोरगी आसपास असेल तर तिला ऐकव. पोरी, पाढे चांगले म्हणतेस. तेवीसमध्ये एका जागी चुकलीस, इथल्या एकाने पकडलं." भाभी हसल्या, मीही. मग तो म्हणाला, "भाताचं तू बोललीस ना. मी गेल्या रजेला आलो, तवा दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पण कमी पडला होता. जुबेदा बोलली, तिला भूक न्हाय. मी काय बोललो न्हाय तिला. तुला बोलतो."

दादी म्हणाली, "काय बोलतो हा? भाताचं काय?"

भाभींनी बटण दाबून डबा बंद केला. कॅसेट अजून शिल्लक होती. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि मला तांदळाच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. एक वाटी, दोन, तीन. मग थोडा वेळ काहीच नाही. मग चौथी.

दादी म्हणाली, "एवढा कोण खाणार हाय गो?"

"कुसुम खाईल," भाभी आतून म्हणाल्या.

त्याची दोन वर्षं जायची होती ती गेलीच, वर तिकीट मिळेपर्यंतचे काही महिनेही. त्यातला एक दिवसही माझ्या माफीने कमी झाला नाही. पण त्या दिवसापासून त्या घरी त्याच्या वाटचा भात रोज शिजला आणि शाळेतून आल्यावर तो मी खाल्ला, नारळाच्या दुधातल्या कालवणाबरोबर, दादीच्या खोकल्याबरोबर, रेहानाच्या बडबडीबरोबर. मावशीने एकदा विचारलं, "हल्ली इथे भाकर निम्मीच खातेस?" दुसऱ्या दिवशी तिने भाकरी लहान थापली आणि तूप तेवढंच घातलं.

माझी दहावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात ते आले. मी वईपाशी उभी होते. आत जायला लाज वाटत होती, ज्याची दोन वर्षं मी पुसली त्याला तोंड कसं दाखवायचं? आतून हसण्याबोलण्याचा गलका येत होता. मग त्यातूनच भाभींचा आवाज आला, रेहानाला ओरडून सांगत होत्या, "दादीला बोल सरक जरा, तांदळाचा डब्बा काढायचा हाय." झाकण निघालं, आणि मी वाट्या ऐकत मोजत राहिले. त्या दिवशी त्यांनी पाच वाट्या घातल्या.